स्त्रिया आणि डोंगरवाटा

महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखराला एका मोलकरणीचें नांव आहे. नाशिक जिल्ह्याचा इगतपुरी तालुका आणि अहिल्यानगर जिल्ह्याचा अकोले तालुका यांच्या सीमेवर १,६४६ मीटर उंचीचें कळसूबाईचें शिखर उभें आहे. पायथ्याच्या गांवांतून जी कथा सांगतात ती अशी : कळसू नांवाची एक मुलगी पाटलाच्या घरीं कामाला राहिली. केर काढणें आणि भांडीं घासणें हीं दोन कामें सोडून पडेल तें काम करीन, अशी तिनें अगोदरच अट घातली होती. एके दिवशीं घरांत पाहुणे फार झाले आणि तिला तींच कामें करावयास लावलें. तिनें तीं केलीं. पण त्यानंतर ती घर सोडून डोंगरावर निघून गेली, आणि पुन्हां खालीं आली नाहीं. तिचें लहानसें देऊळ आज माथ्यावर आहे. नवरात्रांत तेथें यात्रा भरते, आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांतील बायका ओटीचें सामान घेऊन तेथवर चढून जातात.

कथा खरी कीं कल्पित, हा प्रश्न येथें गौण आहे. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही, कीं डोंगरावर जाण्यासाठीं त्या मुलीला घर कायमचें सोडावें लागलें. सकाळीं डोंगरावर जावें, दिवस आनंदांत घालवावा आणि दिवेलागणीस सुखरूप घरीं परत यावें, हा मार्ग त्या कथेंत नाहीं. आजच्या स्त्रीला हवा आहे तो नेमका हाच मार्ग. तो कसा सांपडतो, त्याला कोणतें शिक्षण लागतें, आणि नाशिकचा परिसर त्या शिक्षणाची शाळा कसा होऊं शकतो, याचा विचार करणें अगत्याचें आहे.

डोंगर आणि अरण्य हीं स्त्रीला नवीं आहेत, असें कोणी म्हणेल तर तें खरें नव्हे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांतील महादेव कोळी, कोकणा, वारली, ठाकर या समाजांच्या स्त्रिया पिढ्यान् पिढ्या डोंगरांतच वावरत आल्या आहेत. जी वाट शहरांतला तरुण काठी टेकीत, जपून उतरतो, तीच वाट एखादी पन्नाशीची बाई डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन बोलत बोलत उतरते. पहिल्या पावसानंतर कोणती रानभाजी कोठें उगवते, कोणता कंद उकडल्याशिवाय तोंडांत घालूं नये, कोणत्या झऱ्याला वैशाखांतही ओल असते, हें सर्व तिला ठाऊक असतें. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत हिचें उदाहरण तर सर्वांच्या परिचयाचें आहे. लहानपणीं पाण्यासाठीं आणि शाळेसाठीं डोंगरवाटा तुडविणाऱ्या या मुलीनें २०१० सालीं दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांत दहा हजार मीटरांच्या शर्यतींत कांस्यपदक मिळविलें, आणि त्याच वर्षीं ग्वांगजौ येथील आशियाई स्पर्धांत रौप्यपदक. 'सावरपाडा एक्स्प्रेस' हें नांव तिला लोकांनीं दिलें. जी चाल पाण्याच्या हंड्यासाठीं शिकावी लागली, तिनेंच तिला जगापुढें नेलें.

यात्रेकरू स्त्रियांचेंही तसेंच. श्रावणांतल्या तिसऱ्या सोमवारीं ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला हजारों बायका भर पावसांत, चिखलांतून रात्रभर चालतात. त्यांच्या चिकाटीविषयीं कोणाला शंका नसते. परंतु या सर्व चालण्याला कांहीं तरी कारण असतें. पाणी, सरपण, नवस, पुण्य यांपैकीं एकाची तरी पावती जवळ असली, म्हणजे बाईला कोणी अडवीत नाहीं. कारणावांचून, केवळ उंचावरचा वारा अंगावर घ्यावा म्हणून ती निघाली, कीं प्रश्न सुरू होतात. कोठें जाणार? बरोबर कोण? परत केव्हां? आणि घरचें कोण पाहणार? तिच्याच भावानें तीच सहल ठरविली, तर त्याला फार तर डब्यांत काय हवें एवढेंच विचारतात. तेव्हां स्त्रीला डोंगर नवा नाहीं. नवी आहे ती मोकळीक.

ही मोकळीक फार नाजूक असते. मुलगा कड्यावरून घसरला, तर तो निष्काळजीपणानें घसरला असें म्हणतात. मुलगी घसरली, तर मुलींनीं अशा ठिकाणीं जाऊंच नये, असा सिद्धान्त ठरतो. आणि एकीच्या मुरगळलेल्या पायापायीं आळींतल्या दहा जणींच्या सहली बंद होतात. हा न्याय नव्हे, हें उघड आहे. परंतु तो प्रचारांत आहे, हेंही तितकेंच उघड आहे. म्हणूनच डोंगरांत कसें जावें आणि तेथून कसें परतावें, याचें रीतसर शिक्षण पुरुषाला उपयोगी, तर स्त्रीला अत्यंत आवश्यक आहे. नुसत्या हौसेनें दार एकदां उघडतें. तें उघडें राहतें तें मात्र अंगीं बाणलेल्या कौशल्यानें.

दुसऱ्या देशांतही ही वाट सुखासुखीं मिळाली नाहीं. युरोपांतील माँ ब्लां या हिमशिखरावर पोंचलेली पहिली स्त्री मारी पॅराडी ही शामोनी गांवची एक गरीब कामकरी बाई होती. तें साल १८०८. पुढें १८३८ सालीं हेन्रिएट दांजेव्हिल ही तेथें गेली, आणि १८७१ सालीं ल्यूसी वॉकर या इंग्रज स्त्रीनें मॅटरहॉर्नचें दुर्घट शिखर गांठलें. त्या काळीं या स्त्रिया पायघोळ झगे नेसून बर्फावर चढत. लंडनचा आल्पाइन क्लब १८५७ मध्यें निघाला. पण त्याचें सभासदत्व स्त्रियांना मिळावयास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. स्त्रियांनीं रुसून न बसतां १९०७ सालीं आपला निराळा क्लब काढला. बालवीरांच्या चळवळीचें तर याहून गंमतीचें. १९०९ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें मुलांचा मेळावा भरला, तेव्हां कांहीं मुली आपण होऊन गणवेष करून तेथें हजर झाल्या. 'आम्हांलाही हें हवें' हें त्यांचें मागणें. त्यांतून १९१० मध्यें गर्ल गाइड संस्था निघाली, आणि पुढल्याच वर्षीं जबलपुरास हिंदुस्थानांतलें पहिलें पथक उभें राहिलें. गांठी बांधणें, तंबू ठोकणें, खुणा ओळखीत वाट काढणें, जखमेवर पट्टी बांधणें हे विषय मुलींच्या शिक्षणांत आले ते मुख्यतः या वाटेनें.

स्वतंत्र भारतांत दार्जिलिंगची हिमालयन पर्वतारोहण संस्था १९५४ सालीं आणि उत्तरकाशीची नेहरू पर्वतारोहण संस्था १९६५ सालीं स्थापन झाली. उत्तरकाशीजवळच्या एका लहान खेड्यांतील बचेंद्री पाल ही याच दुसऱ्या संस्थेंत शिकली. १९८४ च्या मोहिमेंत एव्हरेस्टच्या वाटेवर रात्रीं तिच्या तंबूवर हिमकडा कोसळला. बरोबरचे अनेक जण जखमी होऊन परतले. तिनें मात्र पुढें जाण्याचें ठरविलें, आणि २३ मे रोजीं शिखरावर पाऊल ठेवणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली. जपानची जुंको ताबेई १९७५ सालीं त्याच शिखरावर जाणारी जगांतील पहिली स्त्री होती. महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें, तर पुण्याची कृष्णा पाटील २००९ सालीं एकोणिसाव्या वर्षीं एव्हरेस्टवर पोंचली. साताऱ्याची प्रियांका मोहिते २०१३ सालीं तेथें गेली आणि २०२१ मध्यें अन्नपूर्णा या अति धोक्याच्या शिखरावरही चढली. या दोघींच्या तयारीची सुरुवात हिमालयांत झाली नाहीं. ती सह्याद्रीच्या काळ्या कातळांत झाली.

आणि सह्याद्रीचें म्हणावें, तर नाशिकसारखी शाळा दुसरी नाहीं. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थर एकावर एक सांचून हा प्रदेश तयार झाला. कांहीं थर कठीण, कांहीं ठिसूळ. पाण्यानें आणि वाऱ्यानें ठिसूळ भाग झिजून त्याचे उतार झाले, कठीण भाग कडे होऊन उभे राहिले. म्हणून येथील डोंगर दुरून पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. पश्चिमेस सह्याद्रीची मुख्य धार, पूर्वेकडे पसरलेली सातमाळा, उत्तरेस बागलाणांतील सेलबारी-डोलबारीच्या रांगा, आणि या सर्वांवर मिळून साठांच्या घरांत किल्ले. सोप्यापासून अवघडापर्यंत येथें प्रत्येक इयत्ता आहे.

पहिली इयत्ता त्रिरश्मी डोंगरावरील पांडवलेण्यांची. शहराला लागून असलेल्या या वाटेवर पायऱ्या आहेत. तासाभरांत जाऊन येतां येतें. तेथील तिसऱ्या लेण्यांत गौतमी बलश्री या सातवाहन राजमातेनें कोरविलेला लेख आहे, हें चढतांना आठवण्यासारखें आहे. दुसरी इयत्ता मोगली फौजेशीं कित्येक वर्षें झुंजलेल्या रामशेजची. त्यानंतर अंजनेरी आणि ब्रह्मगिरी. येथें दम लागतो, पण वाट चुकत नाहीं. मग कळसूबाई : चढ लांबलचक, अवघड जागीं लोखंडी शिड्या. मग हरिहर. तेथील कातळांत खोदलेला जिना शिडीसारखा उभा आहे, आणि प्रत्येक पायरीच्या कडेला हात रोवण्यासाठीं खोबण्या कोरलेल्या आहेत. २०२० सालीं अडुसष्ट वर्षांची एक स्त्री हा जिना साडी नेसून चढून गेली, आणि तिची चित्रफीत देशभर पाहिली गेली. बागलाणांतील साल्हेर हा १,५६७ मीटर उंचीचा, राज्यांतील सर्वांत उंच किल्ला. १६७२ सालीं त्याच्या पायथ्याशीं मराठ्यांनीं मोगलांवर मोठा विजय मिळविला. २०२५ मध्यें त्याचा जागतिक वारशांत समावेश झाला. शेवटची इयत्ता अलंग आणि मदन यांची. तेथें दोराशिवाय आणि जाणत्याशिवाय जाणें म्हणजे केवळ अविचार. ज्यांना चढउतार झेपत नाहीं, त्यांच्यासाठीं निफाड तालुक्यांतील नांदूर मधमेश्वरचा जलाशय आहे. हिवाळ्यांतल्या पहांटे दुर्बीण घेऊन तेथें पाणपक्षी पाहत बसणें हेंही रानांतलेंच सुख, आणि त्यालाही स्थिर बसण्याची विद्या लागते.

आतां शिकावयाचें काय? पहिला विषय चालणें. हसूं येण्याजोगी ही गोष्ट नव्हे. चढावर नवशिका वेगानें निघतो आणि अर्ध्या तासांत बसतो. ज्या वेगानें चालतांना एक सबंध वाक्य न धापतां बोलतां येतें, तो वेग बरोबर. वेळेचा अंदाज बांधण्यासाठीं नेस्मिथ नांवाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकानें १८९२ सालीं एक साधा हिशेब दिला : दर पांच किलोमीटर अंतराला एक तास, आणि दर सहाशें मीटर चढाला आणखी एक तास. कळसूबाईची वाट बारी गांवाकडून सुमारें सहा किलोमीटर आणि चढ साडेआठशें ते नऊशें मीटर. म्हणजे विसांव्याखेरीज पावणेतीन तास झाले. नवख्या मंडळींनीं चार धरावे. यावरून परतण्याची वेळ घरूनच ठरवावी, आणि ती झाली कीं शिखर हांकेच्या अंतरावर असलें तरी मागें फिरावें. दिवेलागणीस घरीं पोंचण्याचा शब्द ज्या मंडळींनीं पाळला, त्यांना पुढल्या महिन्यांत कोणी अडवीत नाहीं.

दुसरा विषय ओझें आणि पाणी. दिवसाच्या चालीसाठीं माणशीं तीन लिटर पाणी लागतें. तें तीन किलो भरतें, म्हणून बाकीचें सामान आटोपशीर हवें. घाम फार गेला तर नुसत्या पाण्यानें भागत नाहीं. लिटरभर पाण्यांत सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून तें घोट घोट घ्यावें. गुळपोळी, भाजलेले शेंगदाणे, दशम्या हें आपलें जुनें प्रवासी खाणें आजही उत्तम आहे. किल्ल्यावरच्या टाक्यांचें पाणी गाळून, उकळून मगच प्यावें.

तिसरा विषय दिशा आणि हवा. नाशिक सुमारें वीस अक्षांशांवर आहे; म्हणून ध्रुवतारा येथें क्षितिजापासून वीस अंशांवर दिसतो. हात लांब करून मूठ धरली तर ती सुमारें दहा अंश आकाश झांकते. उत्तरेकडे तोंड करून एकावर एक दोन मुठी मोजल्या, कीं ध्रुव तेथें सांपडावा. पावसाळ्यांत मात्र तारे दिसत नाहींत, तेव्हां होकायंत्र आणि नकाशा वाचतां आला पाहिजे. खिशांतला फोन वाट दाखवितो हें खरें. पण दरींत त्याला संदेश मिळत नाहीं आणि भिजला कीं तो मुका होतो. इगतपुरीकडे वर्षाकांठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. सकाळीं घोट्याइतका असलेला ओढा दुपारीं कमरेइतका होतो. गुडघ्यावर वाहणारें गढूळ पाणी ओलांडावयाचें नाहीं, तें उतरेपर्यंत थांबावयाचें, हा नियम ज्यांनीं मोडला त्यांतील कित्येक परत आले नाहींत.

चौथा विषय कातळ आणि दोर. उभ्या जागीं दोन हात आणि दोन पाय यांपैकीं तिहींचा आधार पक्का असल्याशिवाय चौथा हलवूं नये. भार पायांवर ठेवावा, हात केवळ तोल राखण्यासाठीं. हरिहरच्या जिन्यावरून उतरतांना तोंड कातळाकडे असावें. स्त्रियांच्या दंडांत बळ कमी, म्हणून कड्यावर चढणें त्यांचें काम नव्हे, असें पुष्कळ जण समजतात. पण चांगलें चढणारा माणूस दंडावर चढतच नाहीं. दोर धरण्याविषयींही असाच गैरसमज आहे. पन्नास किलो वजनाची मुलगी पंचाहत्तर किलोच्या गड्याला पडतांना सांवरूं शकेल काय? शकेल. कारण दोर तिच्या मुठीच्या जोरावर थांबत नाहीं. तो कमरेच्या पट्ट्याला अडकविलेल्या धातूच्या साधनांतून वळसा घेऊन जातो, आणि त्या वळशांतील घर्षण बहुतेक ओढ खाऊन टाकतें. विहिरीच्या कांठीं पोहरा सोडतांना दोर खांबाला एक वेढा देऊन धरला, तर जड पोहराही अलगद जातो, तत्त्व तेंच. तिला स्वतःला मात्र मागच्या कातळाशीं नीट बांधून घ्यावें लागतें, आणि दोराचा मोकळा भाग क्षणभरही हातांतून सोडावयाचा नसतो. आठाच्या आकाराची गांठ डोळे मिटून बांधतां येईपर्यंत घरीं खाटेच्या पायाला बांधून सराव करावा. या विषयाचा गुरु मात्र माणूसच हवा. पुस्तकानें किंवा चित्रफितीनें तो पुरा होत नाहीं.

पांचवा विषय विंचूकांटा आणि मधमाशा. फुरसें, घोणस, मण्यार आणि नाग हे चारही विषारी साप या भागांत आहेत. दंश झाला तर जखम कापूं नये, चोखूं नये, वर करकचून दोरी बांधूं नये. रोग्याला धीर देऊन झोपवावें, तो अवयव फळी बांधून हलेनासा करावा, आणि सर्पविषावरील लस असलेल्या रुग्णालयांत शक्य तितक्या लौकर पोंचवावें. स्त्रियांच्या बाबतींत आणखी एक गोष्ट विसरूं नये : सूज चढण्यापूर्वीं बांगड्या, अंगठ्या, जोडवीं, पैंजण काढून ठेवावे. कड्यांवर आग्या मोहोळें असतात. त्यांच्याखालीं धूर करणें, ओरडणें किंवा अत्तर लावून जाणें म्हणजे संकटाला आमंत्रण. माशा उठल्याच, तर हात न झाडतां तोंड झांकून त्या जागेपासून दूर निघून जावें.

कांहीं गोष्टी केवळ स्त्रियांच्या आहेत, आणि त्यांविषयीं मौन पाळल्यानें नुकसानच होतें. पोषाख हा त्यांतला पहिला. कासोट्याचें नऊवारी लुगडें डोंगर चढावयास मुळींच अडचणीचें नाहीं. रानांतल्या बायका तें गुडघ्यापर्यंत खोंचून वर्षानुवर्षें चढत आल्या. पायांत घोळणारें गोल पातळ आणि लोंबती ओढणी हीं मात्र जिन्यावर जिवावर बेततात. सुटसुटीत विजार, पूर्ण बाह्यांचा सदरा, तळाला खांचा असलेले जोडे हा वेष सोयीचा. तो पाहून कोणी नाक मुरडलें, तर त्यानें एकदां खिंडींतला वारा अनुभवून यावें. दुसरी गोष्ट मासिक धर्माची. त्या दिवसांत चालूं नये असें शास्त्र सांगत नाहीं. ज्या स्त्रीला बरें वाटतें तिनें जावें, जिला वाटत नाहीं तिनें जाऊं नये. लागणारें सामान जवळ असावें, आणि वापरलेलें कागदांत गुंडाळून परत न्यावें. तिसरी गोष्ट देहधर्माची. संकोचापायीं पुष्कळ मुली दिवसभर पाणीच पीत नाहींत. उन्हांत घेरी येऊन पडण्याचें तें एक मोठें कारण असतें. पाण्याच्या जागेपासून पाऊणशें पावलें दूर, वीतभर खड्डा करून माती लोटावी, आणि जोडीदारणीनें पहारा द्यावा. एवढी साधी व्यवस्था प्रत्येक तुकडीनें निघण्यापूर्वींच उघडपणें बोलून ठेवावी.

चौथी गोष्ट भीतीची. बिबट्याची भीति, अंधाराची भीति, आणि माणसाची भीति. यांपैकीं शेवटची सर्वांत खरी, हें नाकारून उपयोग नाहीं. एकटीनें जाऊं नये. चार-सहा जणींची तुकडी असावी, एक जाणती पुढें, एक शेवटीं. कोठें जाणार, कोणत्या वाटेनें, परत केव्हां, हें घरीं लिहून ठेवावें आणि पायथ्याच्या गांवांत सांगावें. अनोळखी मंडळींबरोबर जावयाचें, तर त्यांच्या म्होरक्याचें शिक्षण कोणतें, दोर आणि औषधें जवळ आहेत काय, हें पैसे भरण्यापूर्वीं विचारण्याचा हक्क प्रत्येकीला आहे. एवढी तजवीज झाली, म्हणजे वडिलधाऱ्यांच्या 'कोठें, कोणाबरोबर, केव्हां' या प्रश्नांना उत्तरेंही आपोआप तयार असतात. ते प्रश्न मुलालाही विचारले गेले पाहिजेत, ही गोष्ट वेगळी.

पायथ्याच्या गांवाचें ऋण हा अखेरचा, पण विसरण्याजोगा नसलेला विषय. डोंगर हें कोणाचें तरी घर आहे. तेथली बाई पाहुण्यांना पिठलें-भाकरी करून घालते. तिला योग्य दाम द्यावे. त्याहून चांगलें म्हणजे तिलाच वाटाडी म्हणून बरोबर घ्यावें. वाट, पाणी, झाड, साप, ढग यांचें तिच्याइतकें ज्ञान शहरांतल्या शिक्षकाजवळ नसतें, आणि दोराच्या गांठींचें ज्ञान तिच्याजवळ नसतें. दोघींनीं एकमेकींना शिकवावें. सुटीच्या दिवशीं हरिहरच्या जिन्यावर अशी दाटी होते, कीं खालचा वर जाईना आणि वरचा खालीं येईना. अशा दिवशीं तेथें न जाणें, वनखात्याची मनाई असल्यास ती पाळणें, कागदाचा कपटाही खालीं न टाकणें, अंजनेरीवरचीं दुर्मिळ रानफुलें न खुडणें, हा या विद्येचा आचारधर्म आहे.

कोणी विचारील, कीं एवढा खटाटोप कशासाठीं? दुरून डोंगर साजरे, अशी म्हण आहेच. पण ती म्हण बहुधा खिडकींतून डोंगर पाहणाऱ्यानें केली असावी. जवळ गेल्यावर डोंगर साजरा राहत नाहीं, तो खरा होतो. आपले पाय आपणांस किती दूर नेऊं शकतात, भीति कोणत्या जागीं रास्त आणि कोणत्या जागीं केवळ संवयीची, दमल्यावर आणखी शंभर पावलें कोठून येतात, हें तेथें कळतें. घरांत दिवसभर कोणाची तरी आई, सून, पत्नी म्हणून वावरणाऱ्या स्त्रीला माथ्यावरच्या अर्ध्या तासांत यांपैकीं कोणतेंच नातें पार पाडावें लागत नाहीं. ती परत येते ती हीं नातीं टाकून नव्हे, तर बळ घेऊन. यासाठीं वयाचीही अट नाहीं. २०२२ सालीं बचेंद्री पाल हिच्या नेतृत्वाखालीं पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांची एक तुकडी अरुणाचल प्रदेशापासून कारगिलपर्यंत हिमालय आडवा चालून गेली. त्या चालीला चार महिन्यांहून अधिक काळ लागला. नाशिकच्या एखाद्या साठीच्या गृहिणीनें पुढल्या रविवारीं पांडवलेण्यांच्या पायऱ्यांपासून आरंभ करावयास हरकत कोणती?

कळसूबाईच्या माथ्यावरून निरभ्र सकाळीं अलंग, मदन, कुलंग ओळीनें दिसतात, आणि खालीं गांवांतून चुलींचा धूर वर चढत असतो. त्या कथेंतल्या मुलीला तो धूर पाहून काय वाटलें असेल, तें कोणी लिहून ठेवलेलें नाहीं. तिला अट मोडली गेल्यावर निघून जावें लागलें. आज तिच्या देवळाशीं क्षणभर टेकलेल्या लेकीबाळींना निघून जावयाचें नाहीं. त्यांना घटकाभर बसावयाचें आहे, डबा सोडावयाचा आहे, आणि उजेड आहे तोंवर शिड्या उतरून घरीं यावयाचें आहे. घरांतल्या मंडळींनीं त्या दिवशींचीं भांडीं तेवढीं घासून ठेवावीं.